म्हसोबापासून तीस पावलं

परभणी,
४ नोव्हेंबर २०२४

ती. विमलआत्यास,
वरदचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरचा मजकूर तू वाचत नाहीस, आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवलंस ते मी दिवाळीत पाहिलं. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

बातमी गोड आहे. आपल्या विद्यापीठाची अभियांत्रिकीची नवी इमारत पूर्ण झाली. तीन मजले, अठ्ठेचाळीस खोल्या, यंत्रशाळा, गच्चीवर सौर पॅनेल. आणि ती उभी कुठे आहे? पिंगळी रोडच्या आपल्या वावरात! सरकारनं जमीन घेतल्यापासून तीस वर्षं तिथे नुसतं तारेचं कुंपण होतं आणि आत कुसळं. आता रेल्वेतून जाणारी माणसं खिडकीतून बोट दाखवतात. विद्यापीठाच्या वतीनं बांधकामावर देखरेख मीच केली. साडेतीन वर्षं मी वर्गात कमी आणि सिमेंटच्या धुळीत जास्त होतो. राजेश्री म्हणते, घरी येताना अंगण झाडून आल्यासारखे दिसता.

वसंत पंचमीला, म्हणजे दोन फेब्रुवारीला, उद्घाटन आहे. मंत्री येणार, कुलगुरू तर असणारच. लेझीम, फेटे, मांडव, तीन हजार माणसांचं जेवण. त्या दिवशी मंचावर आण्णांचा सत्कार आहे, 'शिक्षणासाठी भूमी देणारे किशनराव' म्हणून. कोनशिलेवर त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत कोरलंय. धाकटी बहीण म्हणून तुझाही सत्कार ठरलाय, साडीचोळी आणि नारळ. शिवाय स्मरणिकेसाठी 'या जागेच्या आठवणी' अशी दोन पानं लिहून दे. आण्णा म्हणाले, "इमलला सांग, तिला लय चांगलं लिव्हता येतं."

घ्यायला गाडी पाठवतो. नाही म्हणू नकोस.

तुझा,
वरद

*

चारठाणा,
१३ नोव्हेंबर

चि. वरद यास आत्याचे आशीर्वाद.

पाकीट मिळालं. अक्षर अजून सातवीतल्यासारखंच आहे, 'ळ' पोटात दुखल्यासारखा वाकतो.

इमारत झाली, तुझ्या हातून झाली, याचा आनंद आहे. तो खोटा नाही. पण सत्काराला मी येणार नाही.

'भूमी देणारे' वाचून हसू आलं. अरे, जमिनीची नोटीस आली तेव्हा तुझे आण्णा कलेक्टर कचेरीच्या पायरीवर तीन दिवस उपाशी बसले होते, जमीन सुटावी म्हणून. हिसकावून घेतलेलं दिलं म्हणून सांगायचं, आणि वर फेटा बांधून घ्यायचा! बांधून घेऊ दे. डोकं त्याचं आहे.

आठवणी लिहायला हरकत नाही. फक्त त्याला विचार, कोणत्या लिहू. तो सांगेल त्या लिहिते.

राजेश्रीला आणि अबोलीला आशीर्वाद.

विमल

*

परभणी,
२२ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, ते लपवत नाही. सगळ्या खानदानात आनंदाचा दिवस एवढ्या वर्षांनी येतोय आणि तू टोचून बोलतेस. तुमच्या भावाबहिणीत काय अडलंय ते मला कुणी कधी सांगितलं नाही. तू राखी पोस्टानं पाठवतेस, स्वतः येत नाहीस, एवढं मात्र लहानपणापासून पाहतो.

आण्णांना तुझा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "हुरड्याचं लिव्ह म्हनावं, आगटीचं लिव्ह. तिथं दुसरं काय होतं? निव्वळ काळी जमीन."

इथे माझ्यामागे हजार कामं. मंत्र्यांच्या कचेरीतून रोज फोन, कोनशिलेवर चौथ्या ओळीतला माणूस तिसऱ्या ओळीत पाहिजे म्हणून. त्यात एका खोलीनं डोकं उठवलंय. ईशान्येच्या कोपऱ्यात मुलींसाठी वेगळी खोली केलीय. डबा खायला, दुपारी बसायला. गावाकडून एसटीनं येणाऱ्या मुली पहाटे निघतात, त्यांना टेकायला जागा नव्हती. ती खोली मी भांडून मिळवली. नेमकी तिथलीच फरशी दोन बोटं खचली आणि खिडकीखाली तिरपी चीर गेली. दोनदा बुजवली, दोनदा परत आली. गुत्तेदार म्हणतो, "काळ्या मातीत व्हनारच साहेब. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती." खरंच आहे ते. आता तिसऱ्यांदा भरून रंग देतोय.

आठवणी लिही. हुरड्याच्या तर हुरड्याच्या.

वरद

*

चारठाणा,
२८ नोव्हेंबर

चि. वरद,

बांधावरचा म्हसोबाचा दगड अजून जागेवर आहे का? असल्यास त्याच्याकडे पाठ करून उगवतीला सरळ चालत जा आणि ती खोली किती पावलांवर येते ते मोजून कळव. किशनदादाला न विचारता मोज.

बाकी ठीक.

विमल

*

परभणी,
५ डिसेंबर

ती. आत्या,

दगड आहे. तो हलवायला एकही मजूर तयार होईना, शेवटी कंपाउंडच्या आत त्याला ओटा बांधून दिला. स्लॅबच्या दिवशी सगळ्यात आधी नारळ त्याच्यापुढे फुटला, मग गणपतीपुढे.

पावलं मोजली. शिपाई बघत होता, त्याला वाटलं साहेबांनी नवस केला. भिंत आड येते, ती धरून हिशेब केला. तीस पावलांवर मुलींच्या खोलीची खिडकी येते. जिथे चीर आहे, तीच खिडकी.

आण्णांना विचारलं नाही. आत्या, तिथे काही होतं का?

वरद

*

चारठाणा,
१२ डिसेंबर

चि. वरद,

होतं. विहीर होती.

सत्तर साली आबांनी, तुझ्या आजोबांनी, ती खोदली. सात परस खोल. म्हणजे हात वर करून उभी राहिलेली सात माणसं एकावर एक. वरचे दोन परस दगडानं बांधले होते. पाणी गोड लागलं होतं. तलाठ्याकडे नोंद व्हायची तेवढी राहिली होती.

मला एक मोठी बहीण होती. रुख्मिणी. आम्ही रुखमाक्का म्हणायचो. तुझ्या घरात हे नाव तू ऐकलं नसशील, कारण ते घ्यायचं नाही असं ठरलं होतं. रुखमाक्का मॅट्रिकला तालुक्यातल्या मुलींत पहिली आली. किशनदादा त्याच परीक्षेला दोनदा नापास झालेला. तिनं मास्तरकीच्या शिक्षणासाठी अध्यापक विद्यालयात अर्ज केला. आबा तयार होते. मुलाखतीचं पत्र आलं, ते दादानं पोस्टमनकडून परस्पर घेतलं आणि चुलीत घातलं. ती महिनाभर रोज वेशीपर्यंत पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची. मी तिच्यासोबत जायची. चौदा वर्षांची होते.

मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर भांडणात दादाच बोलून गेला, "आलतं तुझं पत्र. म्या जाळलं. लय मास्तरीन व्हायलीस." ती दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी घेऊन वावरात गेली. आमचा सालगडी मुंजाजी आणि त्याची बायको सरजाबाई, दोघांनी तिला वर काढलं. भाकरी विहिरीच्या कडेला फडक्यात बांधून ठेवलेली होती.

गावाला ताप डोक्यात गेला म्हणून सांगितलं. मुंजाजी आणि सरजाबाईला आबांनी पोथीवर हात ठेवायला लावला. आठ दिवसांत विहीर बुजवली. वरचे दगड काढून गोठ्याच्या भिंतीला लावले आणि आत काळी माती ढकलली. पाणी खारं निघालं म्हणून बुजवली, असं लोकांत पसरवलं. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसं आली. "आबा, खारं का असंना, उकरू द्या. ढोरांना तरी व्हईल." आबा वाटेत आडवे झाले. आमचे स्वतःचे दोन बैल त्या उन्हाळ्यात गेले, पण विहिरीला हात लावू दिला नाही.

तीन वर्षांनी मी न मागताच मला त्याच विद्यालयात घातलं. एकोणचाळीस वर्षं मी मुलं शिकवली. ती नोकरी तिची होती, वरद. निवृत्तीच्या दिवशी लोक माझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

आता शिक्षणासाठी भूमी दिली म्हणून किशनदादाला फेटा, आणि मी समोर बसून टाळ्या वाजवू?

पण तो माझा राग आहे, तो बाजूला ठेव. त्रेपन्न वर्षं मीही तोंड मिटून बसले, तेव्हा मी काही त्याच्याहून फार मोठी नाही. कामाचं एवढंच की त्या खोलीखाली सात परस नुसती ढकललेली माती आहे. मुलींना तिथे बसवू नकोस. वरच्यांना सांग. पुरावा मागतील तर माझं नाव दे, मी लेखी देते, सहीनिशी.

विमल

*

परभणी,
३० डिसेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र चौदा तारखेला मिळालं. उत्तर लिहायला सोळा दिवस घेतले, त्याची माफी माग म्हणालीस तर मागतो.

आण्णांना विचारलं. जेवत होते. ताटातला हात तसाच ठेवून म्हणाले, "तिचं डोस्कं फिरलंय वयानं. हीर न्हाई न् काई न्हाई." मग उठले आणि दोन दिवस जेवले नाहीत. त्यावरून मला जे कळायचं ते कळलं.

आता माझंही ऐक. बांधकामाआधी जमिनीत ठिकठिकाणी खोल भोकं पाडून माती तपासतात. ती मी पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये करून घेतली. पावसात आपल्या काळ्या रानात गाडी घालणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्या कोपऱ्याकडे निघालेली गाडी चाकापर्यंत रुतली, ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. मी म्हणालो, रस्त्याच्या कडेलाच पाडा भोक, माती काय सगळी एकच. नकाशावर मात्र कोपऱ्यात पाडल्याची खूण केली. तसं करण्याआधी आण्णांना विचारलं होतं मी, तिथे काही होतं का म्हणून. "निव्वळ काळी जमीन." माझ्या बापाचं वावर, माझ्या बापाचा शब्द. दुसऱ्या कुणाच्या जमिनीत मी असं कधीच केलं नसतं.

पुढे पाया खोदताना सगळीकडे आठ फुटांवर मुरूम लागला. त्या कोपऱ्यात बारा फुटांवरही लागला नाही. जेसीबीवाला परमेश्वर खाली उतरून म्हणाला, "सर, हितं तळच न्हाई." मी म्हणालो, दगड-मुरमाची भर टाक आणि दाब.

काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझी सही आहे. अठरा तारखेला केली. हो, तुझं पत्र मिळाल्यावर चार दिवसांनी.

सांगायला गेलो तर पहिला प्रश्न येईल भोक कुठे पाडलं. मार्चमध्ये माझ्या बढतीची मुलाखत आहे. सोळा वर्षं वाट पाहिलीय. इमारत काही पडणार नाही गं, कोपरा फार तर थोडा बसेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गुपचूप दुरुस्त करून घेतो, शब्द देतो. तोवर कुणापाशी बोलू नकोस. आण्णांचं वय त्र्याहत्तर आहे, त्याचा तरी विचार कर.

सत्काराच्या यादीतून तुझं नाव काढलंय. तुला तेच हवं होतं.

वरद

*

चारठाणा,
६ जानेवारी २०२५

वरद,

या घरात एका मुलाखतीसाठी एक पत्र जाळलं गेलं होतं. आता दुसऱ्या मुलाखतीसाठी दुसरं दाबायचं चाललंय. तू जाळत नाहीस, एवढाच फरक. तू शिकलेला आहेस ना.

मला वाटायचं, तू आईवर गेलास. चुकले मी.

कोपरा 'फार तर थोडा बसेल' हे तुला कुणी सांगितलं? तळ नसल्याचं तुला परमेश्वरनं सांगितलं होतं, ते तू ऐकलं नाहीस. तळ असल्याचं आण्णानं सांगितलं, ते ऐकलंस. आणि मी सांगते त्यावर सही करून मोकळा झालास. कुणाचं ऐकायचं ते तुझं आधीच ठरलेलं असतं.

मी दोन तारखेला येते. गाडी पाठवू नकोस, जिंतूरहून एसटी आहे. मंचाकडे फिरकणार नाही. सकाळी नऊला त्या खोलीत जाऊन खिडकीपाशी बसेन. मंत्री येवोत की कुलगुरू, जो येईल त्याला खाली काय आहे ते सांगेन. अडवायचं असेल तर सगळ्यांच्या देखत अडव.

विमल

*

परभणी,
२० फेब्रुवारी

ती. आत्या,

तू या पत्राचं उत्तर देणार नाहीस, हे धरून लिहितोय.

त्या दिवशी तू बोललीस, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही, हे तुला कळलं की नाही कोण जाणे. फीत कापून सगळे आत शिरले तेव्हा लेझीमवाले थेट व्हरांड्यात होते. तू कुलगुरूंचा हात धरून सांगत होतीस, खिडकीखाली बोट दाखवत होतीस, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाकले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतात आजी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "माझी आत्या, सर. हे त्यांच्या माहेरचं वावर. वय झालंय, आठवणीनं गहिवरल्यात." मग त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून तुझ्या गळ्यात घातला आणि फोटो निघाला. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तू तो झटकलास, ते फोटोत दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो आला. 'माहेरच्या मातीत भगिनीचे डोळे पाणावले.' आण्णांनी कात्रण काढून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. त्यात त्यांचा फेटाही आहे कोपऱ्यात. रोज सकाळी पूजा करताना बघतात. काय बघतात ते मला माहीत नाही, विचारण्याची हिंमत नाही.

पण पाहुणे जेवायला गेल्यावर तुझ्याजवळ एक मुलगी बसली होती ना, दारातली रांगोळी काढणारी? ती निकिता. मानवतची आहे, माझ्याच तिसऱ्या वर्षाच्या वर्गात. तिनं तुला पाणी दिलं आणि तू तिला सगळं सांगितलंस. मी मांडवातून बघत होतो. लेझीम तेव्हा थांबली होती.

सोमवारपासून मुलींनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. जिन्याखाली सतरंजी टाकून डबे खायला लागल्या. विभागप्रमुखांनी नोटीस लावली की मुलींसाठी शासनाच्या निधीतून केलेल्या सोयीचा वापर करावा, अन्यथा खोली दुसऱ्या कामाला दिली जाईल. नोटीस टाइप मीच केली. तरी कुणी गेलं नाही. मुली पट्टी आणून चीर मोजतात आणि भिंतीवर पेन्सिलनं तारखा लिहितात, हे मला शिपायानं सांगितलं. मोजायला मीच शिकवलंय त्यांना, पहिल्या वर्षाला.

परवा मंगळवारी माझा तास होता. विषय पाया. तास संपत आला आणि निकिता उभी राहिली. साठ मुलं-मुली बसलेली. ती म्हणाली, "सर, मुलींच्या खोलीखाली विहीर हाय का?"

आत्या, मला वाटलं होतं, असं कुणी समोर उभं राहून विचारलं तर मी हो म्हणेन. तुला लिहिताना माझा तसा समज होता. मी म्हणालो, "नाही. अफवांवर विश्वास ठेवू नका. काळ्या मातीत चिरा पडतातच."

ती खाली बसली नाही. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "मग सर, आज आमच्यासंगं चला. तिथं बसून डबा खाऊ. तुमी बसले की आमी सगळ्या बसतो." आणि सगळ्या मुली पिशव्या घेऊन उठल्या.

नाही कसं म्हणणार? निघालो. व्हरांड्यातून मी पुढे आणि त्या अठरा जणी मागे. वर्गातली मुलंही दारात येऊन उभी राहिली. खोली झाडलेली होती, बाक एका रांगेत होते. खिडकीतून उजेड येत होता. फरशीवरचा उतार आता दारातूनच दिसतो, कुणाला सांगावा लागत नाही.

मी उंबऱ्यापर्यंत गेलो. तिथून पुढे पाय उचलेना. मागे सगळ्या थांबल्या होत्या.

शेवटी निकितानं माझ्या बाजूनं हात घालून दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. मग त्या सगळ्या जिन्याकडे डबा खायला निघून गेल्या.

वरद